मागची बाजू

कोणाचं आहे हे डोकं, असं हौसाच्या मनात आलं आणि लगेच त्या डोक्याची तिला किळस आली. मोबाइलच्या पडद्यावर मानेपासून वरचं तेवढं, पाठमोरं, ते हलत होतं. टाळूच्या खाली, जरा डावीकडे, कोंबडीनं उकरावा तसा एक खळगा होता आणि त्यातून पांढरट कातडी दिसत होती. खळग्याखाली केसांच्या पायऱ्या, एक वर, एक खाली, डोळखांबच्या डोंगराला धरून उतरणाऱ्या खाचरांसारख्या; पण खाचरांना निदान बांध असतो. मानेवर एक बारीक शेपूट कापायचं राहून गेलं होतं. फलक धरायला कुठल्यातरी ग्रामपंचायतीचा शिपाई उभा केला असेल, तिला वाटलं, आणि असल्या माणसाला समारंभात पुढे आणणाऱ्या, कार्यालयातल्या मनस्वीच्या अकलेची तिला कीव आली. मग त्या डोक्यानं हात वर केला, फलकावरच्या बाळाच्या चित्रावर बोट टेकवलं आणि ते हौसाच्या आवाजात बोलू लागलं, "सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचा आहार सुरू करायचा, आणि तो मऊ करून…"

तिनं आवाज बंद केला आणि तो तुकडा पुन्हा पाहिला. आवाज नसताना ते डोकं पुन्हा शिपायाचं झालं. आवाज लावला की तिचं. कार्यालयाच्या ग्रुपवर त्या व्हिडिओखाली टाळ्या पडल्या होत्या, फुलं पडली होती, कोणी 'अतिशय सुंदर मार्गदर्शन मॅडम' लिहिलं होतं. डोक्याबद्दल एकानंही काही लिहिलं नव्हतं. इतक्या जणींनी ते पाहिलं, आणि पाहून फूल टाकलं. हौसा अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. शहापूर तालुक्यातल्या अर्ध्याअधिक पाड्यांवर तिचा दरारा होता. ती येणार म्हटलं की सेविका चूल पुसून घेत, वजनकाटा धुऊन ठेवत. एखाद्या पोराच्या डोक्यात उवा दिसल्या तर ती त्याच्या आईला सगळ्यांदेखत झापायची, "स्वतःचं डोकं सांभाळता येत नाही, ती पोर काय सांभाळणार?" हे वाक्य तिचं स्वतःचं होतं आणि तिला ते फार आवडायचं. आता ते तोंडात आलं आणि तिथंच अडकून बसलं.

समोरच्या टेबलावर मनस्वी आकडे भरत होती. नवीन मुलगी, इस्त्री केल्यासारखे सरळ केस, दर महिन्याला शहापूरच्या बाजारपेठेतल्या पार्लरात जाऊन बसणारी. हौसाला ते पार्लर न पाहताही माहीत होतं. काचेवरचं गोऱ्या बाईचं चित्र, आतला तो गोडसर जळका वास, आणि खुर्चीत मान टाकून पडलेल्या बायका, जशा काही त्यांच्या माना त्यांच्या नव्हेतच. कार्यालयातल्या सगळ्याच जणी तसल्या. कोणी मेंदी लावून डोकं नारिंगी करून येते, कोणी दिवसभर क्लिप काढते-लावते, कोणी जेवणाच्या डब्यातला लांब केस बोटाला गुंडाळून खिडकीबाहेर टाकते आणि त्याच हातानं चपाती तोडते. हौसा त्यांच्यात बसून जेवायची, पण मनानं जरा उंचावर. आपलं डोकं आपल्या हाती आहे, ते आपण दुसऱ्या कोणाच्या मांडीवर ठेवलेलं नाही, हा तिचा ताठा. तो दिसू नये एवढीसुद्धा काळजी तिनं कधी घेतली नव्हती.

"मॅडम, बघितलात? मस्त आलाय ना?" मनस्वीनं विचारलं.

"मागून का काढलास?"

"पुढे जागाच नव्हती. आणि फलक यायला पाहिजे ना, वर पाठवायचाय."

हौसानं मोबाइल पालथा ठेवला. "माझे केस मागून कसे असतात गं?"

मनस्वीचे डोळे आधी हौसाच्या कपाळावर गेले, मग दाराकडे. "म्हणजे… मॅडम, ती तुमची स्टाइल आहे ना? आम्हाला वाटायचं तुम्ही मुद्दाम ठेवता."

"आम्हाला म्हणजे कोणाला?"

"सगळ्यांनाच." मग तिला काय सुचलं कोण जाणे, ती घाईनं म्हणाली, "छान दिसतं, मॅडम. वेगळं दिसतं."

वेगळं. वेड्या माणसाच्या घरी गेलं की असंच म्हणतात. सापगावकडे एका पाड्याला भेट आहे असं सांगून हौसा उठली. खोटं बोलताना तिला काही वाटलं नाही. खरं ऐकायची यांची लायकीच कुठे होती? पण पायऱ्या उतरताना एक विचित्र गोष्ट झाली. तिला आपली मान जाणवू लागली. आजवर मान म्हणजे डोकं फिरवायची सोय, तिची वेगळी अशी जाणीव नव्हती. आता मानेवर ऊन पडलं तेही कोणी बोट लावल्यासारखं वाटलं. बाजारपेठेत मागून येणाऱ्या प्रत्येक चपलेचा आवाज डोक्यातल्या त्या खळग्यात येऊन पडत होता. रिक्षा स्टँडवर ती एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून उभी राहिली, आणि तेवढ्यात तिचा हात आपण होऊन वर गेला आणि त्यानं पदर डोक्यावर ओढला. सासू जिवंत असताना जो पदर कधी डोक्यावर गेला नाही तो. हौसानं तो झटकन खाली ओढला, पण हातानं केलं ते केलंच. शेअर रिक्षात ती मागच्या सीटवर आत सरकून बसली. तिच्यामागं फक्त रेक्झिनचं हूड होतं, त्याला डोळे नव्हते.

तसे तिचे केस एकेकाळी गुडघ्यापर्यंत होते. मुरबाडकडच्या त्यांच्या गावात आई, बाईजा, तिला रोज सकाळी ओट्यावर पुढ्यात घेऊन बसायची आणि खोबरेल चोपडून, कातडी ओढली जाईल इतक्या घट्ट वेण्या घालायची. मोठी बहीण गोजर, तिचे केस विरळ, म्हणून बाईजाची सगळी हौस हौसाच्या डोक्यावर. विहिरीवर बायका थांबून बघायच्या. वेणी हातात घेऊन तिचं वजन करायच्या. शाळेत पहिला नंबर आला तेव्हा कोणी काही म्हटलं नव्हतं. सापगावचे लोक बघायला आले तेव्हा मुलाची, हरेशची, आत्या चहा खाली ठेवून उठली, तिच्यामागं गेली आणि एक शब्द न विचारता तिची वेणी सोडू लागली. "गंगावन तर नाय ना गो?" म्हणाली, आणि मुळाशी धरून एक हिसका देऊन पाहिला. म्हशाच्या जत्रेत बैलाचा जबडा फाकवून दात बघतात तसं. सगळे हसले. समोर पाटावर बसलेला हरेश तेवढा हसला नाही. तो खाली पोह्यांच्या बशीत बघत होता. हसला असता तरी चाललं असतं, हौसाला पुढे कितीदा वाटलं. हसणाऱ्या माणसाचा राग करता येतो. बशीत बघणाऱ्या माणसाचं काय करायचं? लग्न झालं, आणि त्या दुपारपासून हरेशबद्दल तिच्या मनात जे बसलं त्याला राग म्हणण्याइतकंही तिनं कधी मोठं केलं नाही. चपलेत खडा घेऊन चालावं तशी ती संसारात चालत राहिली आणि खड्याला तुच्छ लेखत राहिली.

नोकरी लागल्यावर एका सुट्टीच्या दुपारी, डोळखांबच्या फेरीतून आलेला ताप नुकताच उतरलेला असताना, तिनं मोरीतल्या आरशासमोर उभं राहून ब्लाउज बेतायच्या कात्रीनं वेणी कापली. कात्री चालेना. केस चिंधीसारखे चघळले जात होते. वेणी पडली तेव्हा डोकं इतकं हलकं झालं की ती भिंतीला धरून उभी राहिली. सासू धोंडीबाई मोरीच्या दाराशी आली, खाली पडलेलं पाहिलं आणि म्हणाली, "नवरा जिता हाय ना गो तुझा?" त्यानंतर बरेच दिवस धोंडीबाईनं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. हरेश संध्याकाळी गिरणीतून आला, बघितलं, आणि जेवायला बसला. हौसा वाट बघत होती. त्यानं भात मागितला.

तेव्हापासून ते मोरीतलं काम तिचं एकटीचं. महिना होत आला, केस कानावर टेकले, की ती सुट्टीच्या सकाळी दार लावून घ्यायची. खांद्यावर जुना टॉवेल. केस ओले करायचे नाहीत. ओले केस लांब वाटतात आणि सुकले की वर उडतात, हे ती दोनदा फसून शिकली होती. कंगव्यानं एकेक बट उचलायची, दोन बोटांच्या चिमटीत धरायची, बोटांच्या वर येईल तेवढं कापायचं. कात्री आडवी धरली की रेघ पडते, म्हणून उभी धरून टोकंटोकं टिपायची. कानाभोवती आधी मोठा घेर, मग लहान. पुढची बाजू, कानशिलं, टाळू, सगळं सुरेख जमायचं. मागच्यासाठी तिनं एक हातआरसा घेतला होता, पण दोन आरशांत हात उलटा चालतो. डावीकडे न्यावा तर उजवीकडे जातो. एकदा चिडून तिनं तो आरसा जोरात ठेवला आणि तो फुटला. नवीन आणला नाही. मागचं ती चाचपून कापू लागली. "बोटांना दिसतं," ती सेविकांना सांगायची. त्या माना डोलवायच्या. त्यांच्या त्या डोलणाऱ्या माना आता तिला एकेक करून आठवत होत्या. प्रत्येकीला तेव्हा खळगा माहीत होता.

सापगावला उतरून ती घरी गेलीच नाही, सरळ भातगिरणीत शिरली. गिरणी चालू होती. आत सगळीकडे कोंडा उडत होता आणि त्या धुरळ्यात हरेश पांढऱ्या भुवयांनी उभा होता. एरवी हौसा गिरणीत पाऊल टाकायची नाही. ही पांढरी भुतावळ, हा खाजरा वास आणि त्यात जन्म घालवणारा हा माणूस. कार्यालयात कोणी विचारलं की ती सांगायची, "आमचे हे? कोंड्यात असतात."

"या टायमाला कशी आलीस?" तो ओरडून म्हणाला. "काय झालं?"

"बंद कर ते."

त्यानं बटण दाबलं. पट्टा फटफटत थांबला, आणि मग शांतता इतकी झाली की तिला आपला आवाज नको तेवढा मोठा वाटला.

"माझ्या डोक्याच्या मागं काय हाय?" ती म्हणाली. कार्यालयातली भाषा कुठे गळून पडली तिला कळलं नाही.

"केस."

"हरेश."

त्यानं खांद्यावरचं फडकं घेतलं, हात पुसले, पुसूनही पुसत राहिला. "खड्डा हाय," तो म्हणाला. "डाव्या अंगाला. कवा मोठा व्हतो, कवा बारीक."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं."

"आणि मला सांगावंसं वाटला नाय तुला?"

"सांगितला व्हता ना एकदा. आई व्हती तवा. तू बोललीस, तुला केसातला काय कळतंय, तू तुझा कोंडा बघ."

तो विनोद तिला आठवला. तिनं तो नंतर कार्यालयात सांगितला होता, भाताचा कोंडा आणि डोक्यातला कोंडा; बायका डोळ्यात पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. तो कशावरून झाला होता तेवढंच ती विसरली होती.

"मग?"

"मंग काय नाय. परत नाय बोललो. मागं उभा ऱ्हायलो."

ते तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, आणि पोचलं तेव्हा एकदम सगळं आलं. गोजरच्या मुलाचं मुरबाडचं लग्न, हळद, बँकेतली रांग, म्हशाच्या जत्रेतली गर्दी. सगळीकडे ती पुढे आणि हा एका पावलावर मागे. खुर्च्यांच्या ओळीत तिच्या बाजूची खुर्ची रिकामी ठेवून मागच्या खुर्चीत जाऊन बसणारा. "पुढं चाल की, बाप्यासारखा," ती चारचौघांत म्हणायची. तो थांबायचा, ती पुढे व्हायची, की पुन्हा मागे. या माणसाला पाठीचा कणाच नाही, असं ती त्यावरून ठरवून बसली होती. तिच्या तुच्छतेची सगळी इमारत त्या एका पावलाच्या अंतरावर उभी होती. आणि तो तिथं भिंत होऊन उभा होता. लोकांनी बघू नये म्हणून.

"लाज वाटायची तुला माझी," ती म्हणाली. तिला ते जिंकल्यासारखं वाटलं.

"वाटायची," हरेश म्हणाला.

नाही म्हणेल अशी तिची खात्री होती. नाही म्हणाला असता तर त्याला खोटारडा म्हणून ती निघून जाणार होती.

"पयल्यांदा वाटायची," तो म्हणाला. "गोजरताईच्या पोराच्या लग्नात मागं पोरं हसत व्हती. तवा मी खुर्ची उचलून तुझ्या पाठीशी लावली. मंग त्या पोरांचा राग यायला लागला. मंग रागपण नाय. आपलं हायच ते, असा झाला."

हौसानं तिरस्कारासाठी मनात हात घातला. तो नेहमी हाताशी असायचा, मिठाच्या बरणीसारखा. हा भित्रा आहे, म्हणावं. पण भित्रा माणूस वाटायची असं तोंडावर सांगत नाही. हा उपकार दाखवतोय, म्हणावं. पण त्यानं दाखवलं कुठे, तिनं विचारलं म्हणून सांगितलं. उरल्या त्या कार्यालयातल्या बायका, मनस्वी, ती हसणारी पोरं. त्यांच्यावर ती ओरडली असती, पण त्यांनी तिला जे वाटलं तेच वाटून घेतलं होतं. पडद्यावर ते डोकं पाहून सगळ्यात आधी शिसारी आली ती तिलाच. आणि मग एक विचार आला ज्यानं तिचे कान तापले. तिनं या माणसाला आयुष्यभर चेहरा दाखवला तो ओठ मुडपलेला, भुवई चढवलेला. पण तो चेहऱ्यासमोर होताच कधी? तो मागे होता. तिथं भुवई नाही, ओठ नाहीत. तिला शिकवून ठेवता आली नाही अशी एकच बाजू, आणि तो एवढी वर्षं त्याच बाजूकडे बघत जगला.

"मी कात्री आणते," ती म्हणाली. "तू काप."

"मी? नको. वाकडा व्हईल."

"वाकडंच हाय."

घर गिरणीच्या मागेच होतं. ती कात्री, कंगवा, टॉवेल घेऊन आली तेव्हा त्यानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले होते आणि अंगणात स्टूल ठेवलं होतं. उन्हं अजून चांगली होती. ती बसली. मांडीवरच्या हातांचं काय करावं तिला कळेना. या कामात ते आजवर कधी रिकामे नव्हते.

"दोन बोटांत धर," ती म्हणाली. "ओढू नको. बोटाच्या वर येईल तेवढंच. कात्री उभी धर."

"उभी म्हंजे?"

"पेन धरतात तशी."

"मी कवा धरलाय पेन?"

एरवी हे वाक्य तिनं सोडलं नसतं. आता तिनं दोन बोटं हवेत उभी धरून दाखवली. त्याची बोटं मानेला लागली तेव्हा तिचे खांदे आपोआप वर गेले, कारण मागून डोक्याला हात म्हणजे तिच्या अंगाला एकच ठाऊक होतं, हिसका. हिसका आला नाही. बोटं जाड होती, भिऊन भिऊन चालत होती. कात्रीचा आवाज कानामागून येत होता, आणि मध्येमध्ये त्याचा श्वास, जो तो कापताना रोखून धरायचा आणि कापलं की सोडायचा. त्याचा चेहरा आत्ता कसा असेल हे तिला कळत नव्हतं. एकदा कानाच्या पाळीला कात्रीचं टोक लागलं. तो थबकला आणि बोलणी खायची वाट बघू लागला; तिला ती वाट बघणं पाठीवर स्पष्ट जाणवलं. "काप," ती म्हणाली.

टॉवेलवरून केस घसरून मांडीत पडू लागले. ती बघत राहिली. ते पांढरे होते. आरशात दिसायचे ते पुढचे केस काळे, कानशिलावर चारदोन रुपेरी, आणि आपल्या वयाला हे शोभतं असं तिनं ठरवलं होतं. मोरीत ती काम झालं की न बघता पाणी ओतायची, आणि पडद्यावरची पांढुरकी झाक तिला उजेडाची वाटली होती. हे इतके पांढरे, पिंजलेल्या कापसासारखे, कोणाचे? मागच्या बाजूनं ती केव्हाच म्हातारी झाली होती, आणि ते तिला सोडून सगळ्यांना, हरेशला तर रोज, दिसत होतं. त्यानं तेही सांगितलं नव्हतं. ते तो कशासाठी झाकत होता? तिनं विचारलं नाही. काही उत्तरं ऐकायला माणसाला सराव लागतो.

कात्री थांबली. तिनं सवयीनं हात मागे नेला आणि चाचपलं. बोटं म्हणाली, छान झालंय, एकसारखं आहे. तीच बोटं, तोच विश्वास. ती हात मांडीवर घेऊन आली.

"कसं झालंय?" तिनं विचारलं. हा प्रश्न तिनं हरेशला कुठल्याच गोष्टीबद्दल कधी विचारला नव्हता.

तो दोन पावलं मागे सरकला असावा. मग जवळ आला.

"वाईट," तो म्हणाला.

"आधीपेक्षा?"

"आधीपेक्षा वाईट."

तिला हसू आलं. पहिल्यांदा नाकातून, नेहमीचं, आणि मग ते तिच्या हाती राहिलं नाही. पोट हलू लागलं, टॉवेलवरचे केस उडू लागले, डोळ्यांत पाणी आलं. उद्या मुरबाडला दोन्ही तालुक्यांची बैठक होती. मनस्वी मोबाइल घेऊन असणार. माना डोलवणाऱ्या सगळ्या असणार. तिनं वाट पाहिली की हरेशही हसेल, पण तो हसला नाही. तो कात्री अंगापासून लांब धरून उभा होता.

"हलू नको ना गो," तो म्हणाला. "कानाच्या मागं एक बट ऱ्हायलीय. मान खाली घाल."

आणि हौसानं मान खाली घातली.